मुरणघरातला लिलाव

एस्टोनिया नावाच्या देशात तार्तू म्हणून एक गाव आहे. त्या गावच्या हेल्गी तम्म या एकाहत्तर वर्षांच्या, पोस्टातून निवृत्त झालेल्या बाईंना गेली सहा वर्षं एकच स्वप्न पडत होतं. दगडावरून पाणी पडतंय. कोवळं ऊन आहे, शेवाळाचा वास आहे. पाण्यापलीकडे कुठेतरी एक माणूस न कळणाऱ्या भाषेत काहीतरी मोजतोय, आणि मोठ्या मजेत मोजतोय. मोजणं रंगात येतं, आता काहीतरी घडणार असं वाटतं, आणि तेवढ्यात पुन्हा नुसतं पाणी.

"तो माणूस कोण आहे?" बाईंनी कंपनीला पत्र लिहून विचारलं होतं. "आणि पुढे काय होतं? माझं वय झालं आहे. कळलं तर बरं."

असली पत्रं अभ्रक कंपनीच्या तक्रार विभागात येत. ही तक्रार समजायची की कौतुक, हे त्या विभागाला कधीच ठरवता आलं नाही. त्यामुळे यंत्राकडून मराठी करून ती सिन्नरच्या कारखान्यात, मुरणघर सांभाळणाऱ्या हर्षदा सांगळेकडे पाठवून ते मोकळे होत.

पत्र वाचून हर्षदाला हसू आलं. तो माणूस कोण, हे तिला चांगलंच ठाऊक होतं. तो तिचा नवरा होता. सकाळी ती घरून निघाली तेव्हा तो ओट्यापाशी बसून मेथी निवडत होता आणि मेथीला 'गुरुवार' म्हणत होता. ते आठवलं आणि तिचं हसू मावळलं.

हे सगळं नीट कळायचं तर आधी मुरणघर कळायला हवं.

अभ्रक कंपनी 'वाचा' नावाची चिप बनवायची. करंगळीच्या नखाएवढी. मेंदूला झटका आला की काही माणसांचं बोलणं जातं. शब्द डोक्यात असतात, पण तोंडापर्यंतचा रस्ता खचलेला असतो. 'वाचा' त्या खचलेल्या जागी पूल टाकते. साधी चिप सांगितलेलं काम करते; ही शिकते. तिच्यात मेंदूतल्यासारखे कोट्यवधी बारीक जोड असतात आणि वापरावं तसे ते घट्ट किंवा सैल होतात. अडचण एवढीच, की कोऱ्या चिपमधले जोड सैरभैर असतात. शिकवलं तर पटकन शिकतात आणि वर्षभरात तितक्याच पटकन विसरतात.

यावरचा उपाय शोधला डॉ. लीला दफ्तरदारांनी. ही चिप मुळात त्यांचीच. माणूस झोपतो तेव्हा मेंदू स्वतःतून एक अंधुक गोंगाट फिरवत असतो. त्या गोंगाटात दुबळे जोड गळून पडतात आणि कामाचे पक्के होतात. मग चिपलाही झोपवा, बाई म्हणाल्या. चाळीस दिवस, गार अंधारात, अंगातून सतत गोंगाट सोडत. गणितानं तयार केलेला सपाट गोंगाट मात्र चालेना. ज्यात संथ लाटा मोठ्या आणि चपळ लाटा लहान, आणि एकही लाट दुसरीसारखी नाही, असाच गोंगाट लागे. तो पडत्या पाण्यात असतो. झाडातून जाणाऱ्या वाऱ्यात असतो. बाईंच्या माहेरी लोणच्यांचा धंदा होता, त्यामुळे चाळीस दिवस धीर धरणं हा त्यांच्या लेखी विज्ञानाचा नव्हे, संस्काराचा भाग होता. त्या दालनाला इंग्रजीत एक लांबलचक नाव होतं, ते पाहुण्यांपुढे वापरायचं. एरवी सगळे त्याला मुरणघरच म्हणत.

एकोणीस वर्षांपूर्वी हर्षदा तिथे नवी नवी लागली होती. देवनदीवरच्या बंधाऱ्याचा आवाज टिपून आणायला बाईंनी तिला पाठवलं. अट एकच, माणसाचा आवाज नको. ती सकाळी गेली, दगडावर यंत्र ठेवून तासभर बसली आणि छान आवाज घेऊन आली. चिपा मुरत पडल्यावर पंधरा दिवसांनी कान देऊन ऐकताना तिच्या लक्षात आलं, की पाण्याच्या मागे, नदीपलीकडच्या कांदा मार्केटमधून, कोणीतरी ओरडतंय. "अकराशे... अकराशे पंचवीस... अकराशे पंचवीस एक वार... दोन वार..." आणि तिथेच यंत्राची बॅटरी संपली होती. आवाज पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा.

ती रडकुंडीला येऊन बाईंकडे गेली. बाईंनी तपासण्या लावल्या. हा लॉट आधीच्या सगळ्या लॉटांपेक्षा सरस निघाला. "राहू दे," बाई म्हणाल्या. "नदीकाठी माणूस असणारच. तोही निसर्गच की."

तरी पुढच्या वेळी शांतता मिळावी म्हणून हर्षदा मार्केटात गेली आणि लिलाव पुकारणाऱ्याला शोधून काढलं. ट्रॉलीवर उभा, खांद्यावर नॅपकिन, घसा बसलेला. भास्कर सांगळे.

"दादा, सकाळी एक तासभर जरा हळू ओरडता येईल का?"

"हळू?" भास्कर वरूनच म्हणाला. "ताई, माझे वडील बैलबाजारात दलाली करायचे. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा. बैल ज्याचा, त्यालाच भाव कळायचा नाही. मी पोरगा असतानाच ठरवलं, भाव सांगायचा तर ओरडून. नदीला सांगा हळू वाहायला."

आठ महिन्यांनी त्यांचं लग्न झालं. मुरणघरात आवाज मात्र तोच वाजत राहिला. "ती अकराशे पंचवीसवाली ट्रॉली शेवटी गेली कुणाला?" हर्षदा अधूनमधून विचारायची. "दिवसाला तीनशे ट्रॉल्या पुकारतो मी," भास्कर म्हणायचा, "कुणाला आठवतंय!"

आणि मग पत्रं येऊ लागली. चिप बसवलेली माणसं झोपली की चिपही थोडी झोपायची, आणि मुरताना अंगी लागलेला आवाज त्यांच्या स्वप्नांत झिरपायचा. मनीलातल्या सुताराला, नैरोबीतल्या नर्सला, तार्तूच्या हेल्गीबाईंना, सिन्नर कुठे आहे हे ठाऊक नसलेल्या हजारो माणसांना देवनदी दिसायची आणि भास्करचा लिलाव ऐकू यायचा. भास्करला याची मोठी ऐट होती. "कांद्याला भाव नसला तरी आपल्याला जगभर भाव आहे," असं तो येईल त्याला ऐकवायचा.

साडेसहा वर्षांपूर्वी, ट्रॉलीवर उभा असतानाच, त्याला झटका आला आणि तो आवाज बंद पडला. पाच महिने तो मुका होता. नाशिकच्या इस्पितळात त्यालाही 'वाचा' बसवली, हर्षदाच्या मुरणघरात मुरलेली. त्याला स्वप्नात त्याचाच जुना आवाज ऐकू येऊ लागला, आणि त्या आवाजाचं बोट धरून तो पुन्हा बोलायला शिकला. हर्षदाला ते दिवस आठवले की अजून भरून येई. पण चिपमधला धातू झिजतो, तिचं आयुष्य सात वर्षांचं. सातवं लागलं होतं, शब्द घसरू लागले होते, आणि नव्या चिपेसाठी भास्करचा नंबर दोन महिन्यांवर आला होता.

मेथीचा गुरुवार झाला होता तो असा. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. नवी चिप बसली की सुरळीत होणार होतं.

हर्षदा हेल्गीबाईंचं पत्र फायलीत लावायला गेली आणि तिचा हात थांबला. या आधीचं पत्र सात महिन्यांपूर्वीचं होतं. एके काळी आठवड्याला तीन-चार यायची. तिनं सगळी पत्रं काढून लॉट नंबर पाहिले. एकूण एक पत्र चाळीस दिवस मुरलेल्या चिपांचं होतं. गेल्या चौदा महिन्यांत बाहेर पडलेल्या एकाही चिपेच्या माणसाला स्वप्न पडलेलं नव्हतं.

चौदा महिन्यांपूर्वी काय झालं होतं? तर मुरण्याचे दिवस चाळिसावरून नऊ झाले होते.

त्याचीही गोष्ट आहे, आणि ती सांगताना हर्षदाला स्वतःची मान खाली घालावी लागे. चार वर्षांपूर्वी डॉ. दफ्तरदार वारल्या आणि ऋत्विज मानकामे नावाचे व्यवस्थापकीय संचालक आले. त्यांचा पगार आणि बक्षिसी शेअरच्या भावाला बांधलेली होती. त्यांनी आल्या आल्या जाहीर केलं, की कंपनी बाजारातून स्वतःचेच शेअर विकत घेणार. विकत घेतलेले शेअर रद्द होतात. शेअर कमी झाले की नफा तेवढाच राहूनही प्रत्येक शेअरच्या वाट्याला जास्त दिसतो आणि भाव चढतो. जवळ पडून असलेल्या पैशाला दुसरं काही काम नसेल, तर त्यात गैर काही नाही. अभ्रकच्या पैशाला मात्र काम होतं. दुसरं मुरणघर बांधायचं होतं, त्याचा पायाही खणून झाला होता. पहिल्याचं गारव्याचं यंत्र धापा टाकत होतं.

कामगारांकडेही थोडे थोडे शेअर होते, म्हणून त्यांची सभा झाली. चढ्या भावानं तुमचेही घेऊ, असं मानकामे म्हणाले. हात वर झाले. हर्षदाचाही झाला. पेढे वाटले गेले.

ती पेढे घेऊन घरी आली तेव्हा भास्करनं एक तोंडात टाकला आणि विचारलं, "कशाचे?" तिनं सांगितलं.

"म्हणजे आमच्याकडे एक व्यापारी होता तसं," भास्कर म्हणाला. "स्वतःचाच कांदा मार्केटात आणायचा आणि मेहुण्याला बोली लावायला उभं करायचा. पैसा या खिशातून त्या खिशात. पण लोकांना काय दिसतं? भाव चढला. त्याच्या नादात बाकीचेही चढून घ्यायचे. आणि घरी त्याची कांदाचाळ गळत होती, ती शाकारायला पैसा नाही."

"मग काय झालं त्याचं?"

"कांदा सडला. दुसरं काय होणार?" भास्करनं दुसरा पेढा घेतला. "पेढे चांगलेत पण."

हर्षदानं ते हसण्यावारी नेलं होतं. मग दुसरी खरेदी झाली, तिसरी झाली. दुसऱ्या मुरणघराच्या पायाच्या खड्ड्यात पाणी साचून बेडूक झाले. गारव्याच्या यंत्राचा अर्ज तीनदा परत आला. आणि मग, माल लवकर बाहेर पडावा म्हणून, चाळिसाचे नऊ. नियमात कंपनीनं बदल करून घेतला: 'नऊ दिवस, अथवा मुरणघरप्रमुखास पुरेसा वाटेल तो काळ.' मेंदूत बसणारी वस्तू प्रमुखाच्या सहीच्या दाखल्याशिवाय बाहेर जात नाही, असा कायदा आहे. नवव्या दिवशी चिप सगळ्या तपासण्या पास होई. हर्षदानं सही केली. एकदा नाही, चौदा लॉटांवर.

आता ती नमुन्यांच्या कपाटाशी गेली. प्रत्येक लॉटमधल्या दहा चिपा तिथे चालू ठेवलेल्या असत. त्यांच्याकडे बघणाऱ्या माणसाची जागा दोन वर्षांपूर्वीच काटकसरीत गेली होती. तिनं नऊ दिवसांच्या पहिल्या लॉटचे नमुने काढून मोजायला लावले. दुपारपर्यंत उत्तर समोर होतं. दहाही चिपांचे जोड घसरायला लागले होते. नऊ दिवसांचं लोणचंही चवीला लागतंच. बुरशी नंतर येते. आधी स्वप्नं गेली होती. आता शब्द जाणार होते, साडेपाच लाख माणसांचे.

ती तशीच मानकामेंच्या केबिनमध्ये गेली. ते त्या दिवशी पुण्याहून आले होते.

"या, हर्षदाताई. चहा?"

"साहेब, नऊ दिवसांचा माल कच्चा आहे." तिनं कागद पुढे ठेवला.

मानकामेंनी तो उलटासुलटा पाहिला. माणूस वाईट बोलणारा नव्हता, आवाज कधी चढवत नसे. "तक्रारी किती आल्यात?"

"तक्रारी अजून नाहीत. पण स्वप्नांची पत्रं थांबलीत."

"लोकांना स्वप्नं पडत नाहीत, ही तक्रार झाली का? मी तर म्हणेन, शांत झोप लागते." ते हसले, मग गंभीर झाले. "हे बघा. चाळीस हजारांचा पंधरावा लॉट उद्या बाहेर पडला पाहिजे. त्यावर तिमाहीचा आकडा आहे, आकड्यावर चौथी खरेदी आहे. त्यानंतर मुरणघराची जागा विकायची आहे, नवं तंत्र येतंय. आत्ता तुम्ही सही अडवलीत तर शेअर कोसळेल. तुमच्याच लोकांचे शेअर. आणि आधीच्या चौदा दाखल्यांवर सही कोणाची आहे, हेही लोक विचारतील."

हर्षदाच्या पुढ्यातल्या चहावर साय धरली.

"भास्कररावांचा नंबर जवळ आलाय ना?" मानकामे एकदम हळुवार झाले. "चाळीस दिवसांच्या शेवटच्या लॉटमधला एक ट्रे मी राखून ठेवलाय. चोवीस चिपा आहेत. त्यातली एक त्यांची. हे तुमच्या-माझ्यात. सही मात्र उद्या दुपारपर्यंत हवी."

"आणि नाही केली तर?"

"मग चौकशी होईल, सगळ्यालाच सील लागेल. त्या ट्रेलाही."

आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच, हे हर्षदाला कळत होतं. पण तो आवळा म्हणजे भास्करचा आवाज होता. आणि डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं: जुनी चिप बंद पडल्यावर सहा महिन्यांच्या आत नवी बसली नाही, तर मेंदू बोलण्याची वाट विसरतो. मग परत येईल याची खात्री नाही.

घरी आली तेव्हा भास्कर गॅलरीत उन्हाला बसून शेंगा फोडत होता. ती त्याच्यासमोर बसली आणि काही न लपवता सगळं सांगितलं. चौदा सह्या, साडेपाच लाख माणसं, ट्रे. तो ऐकत होता. आता त्याला ऐकलेलं सगळं कळे, पण उत्तराला शब्द सापडत नसत.

"मी सही करते," ती शेवटी म्हणाली. "पुढच्या लॉटपासून भांडेन. आधी तुमचं होऊ दे. मला तुमचा आवाज पाहिजे हो. बाकीच्या जगाशी मला काय करायचंय?"

भास्करनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. खांद्यावरचा नॅपकिन काढून त्यानं तिच्या हातावर टाकला. मग आपला हात खाली घातला आणि तिची बोटं धरली. एक बोट दाबलं, दोन दाबली. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. बैलबाजारात त्याच्या वडिलांचे सौदे व्हायचे ते असेच. तो तिच्याकडे बघत राहिला, तिला कळेपर्यंत. मग त्यानं नॅपकिन झटक्यात ओढून गॅलरीच्या कोपऱ्यात भिरकावला.

"नको," तो म्हणाला. आणखी एक शब्द त्यानं बराच वेळ शोधला. कपाळावर घाम आला. "ओर... ओरडून."

हर्षदानं त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि खूप रडली. तो तिच्या केसांतली शेंगांची टरफलं वेचत बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याला बंधाऱ्यावर घेऊन गेली. मार्केट केव्हाच गावाबाहेर गेलं होतं आणि पलीकडच्या तीरावर नुसती बाभळ माजली होती. पाणी मात्र एकोणीस वर्षांपूर्वीसारखंच पडत होतं. तिनं यंत्र त्याच दगडावर ठेवलं.

"एक काम राहिलंय आपलं," ती म्हणाली. "दोन वारावर सोडलंय तुम्ही लोकांना. ती एस्टोनियाची म्हातारी सहा वर्षं वाट बघतेय."

भास्कर हसला. बंधाऱ्याच्या कडेला जरा उंचवटा होता, त्यावर चढून उभा राहिला, ट्रॉलीवर राहायचा तसा. तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. पुन्हा उघडलं. हर्षदानं ओठांनी 'अकराशे पंचवीस' म्हणून दाखवलं, त्यानं मान हलवली. आकडे गेले होते. पाणी पडत राहिलं. एक खंड्या येऊन समोरच्या दगडावर बसला आणि उडून गेला.

मग भास्करनं डोळे मिटले, तळहातावर तळहात आपटला आणि पोटातून ओरडला, "तीन वार!"

पलीकडच्या बाभळीतून साळुंक्यांचा थवा उठला.

हर्षदा थेट कारखान्यात गेली. मुरणघरात पंधरावा लॉट अंधारात झोपला होता, चाळीस हजार चिपा. तिनं जुन्या आवाजाच्या शेवटी नवा तुकडा जोडला आणि तो चालू केला. मग टेबलाशी बसून दाखल्यावर लिहिलं: 'मुरलेले नाही. यापूर्वीचे चौदा दाखले मी दिले होते, तेही चूक होते. ते परत घ्यावेत.' खाली सही केली. एक प्रत मानकामेंना आणि एक सरकारी निरीक्षकांना पाठवली. अक्षर नेहमीसारखंच आलं.

पुढचं सगळ्यांनी बातम्यांत पाहिलंच. शेअर असा आपटला, की त्यात चार वर्षांपूर्वीसारखे पाव किलो पेढे यायचीही मारामार. चौथी खरेदी बारगळली. मानकामे राजीनामा देऊन, निरोपाचा गुच्छ घेऊन, दुसऱ्या कंपनीत गेले. असल्या माणसांना पुढची गाडी नेहमी मिळते. साडेपाच लाख माणसांना इस्पितळांतून बोलावणी गेली. मुरलेल्या चिपा येईपर्यंत त्यांचे सैल जोड दर महिन्याला आवळून द्यायचं ठरलं. वेळेवर कळलं म्हणून, असं डॉक्टर म्हणत. कारखान्यात काहीजण हर्षदाशी बोलेनासे झाले. तिच्यावर चौकशी बसली, कामावरून दूर केलं. मुरणघराला लाखेचं सील लागलं. कोणी आत जायचं नाही, कशाला हात लावायचा नाही, वीजही तोडायची नाही, पुरावा आहे.

आवाज बंद करा, असं मात्र कोणाच्या आदेशात नव्हतं. त्यामुळे सीलबंद अंधारात देवनदी पडत राहिली आणि भास्करचा लिलाव चालू राहिला.

तिसऱ्या आठवड्यात भास्करची चिप थांबली. बंधाऱ्यावर ओरडला ते त्या चिपेवरचं त्याचं शेवटचं बोलणं ठरलं. इतका बडबड्या माणूस, पण घर एवढं शांत झालं की शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता याव्यात. मार्केटातले जुने हमाल येऊन बसायचे, त्याच्याशी बोलायचे, तो मान डोलवायचा. सहा महिने झाले त्या दिवशी हर्षदानं कॅलेंडरचं पान उलटलं नाही. महिनाभर तसंच ठेवलं.

अकरा महिन्यांनी चौकशी संपली. निरीक्षकांनी सील तोडून आतला लॉट तपासला आणि पुन्हा तपासला, कारण आकड्यांवर त्यांचा विश्वास बसेना. अकरा महिने मुरलेली चिप याआधी कोणी पाहिलीच नव्हती. हर्षदाला सहीसाठी परत बोलावलं. तिनं दिवसभर एकेक ट्रे पाहिला आणि लिहिलं, 'मुरले.' ज्यांना सगळ्यात जास्त वाट पाहावी लागली होती, त्यांना तो लॉट आधी गेला. एक चिप नाशिकला गेली.

"बसवू," डॉक्टर म्हणाले. "पण दहा महिने झालेत, ताई. फार आशा ठेवू नका."

बसवली. एक आठवडा गेला, तीन गेले, सात गेले. भास्कर शेंगा फोडायचा, मेथी निवडायचा, दुपारी झोपायचा. झोपेत त्याचे ओठ हलतात असं हर्षदाला वाटायचं. पण वाटण्यावर तिचा आता भरवसा नव्हता.

आणि एका दुपारी तार्तूहून पत्र आलं. भास्कर नुकताच झोपून उठला होता, चहाचा कप घेऊन गॅलरीत बसला होता. हर्षदानं ते त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं.

"मला मागच्या महिन्यात नवी चिप बसवली. काल स्वप्न पुढे गेलं. तो माणूस मोजत होता, मोजत होता, मग टाळी वाजली आणि तो एकदम मोठ्यानं ओरडला. पक्षी उडाले. मी जागी झाले ती हसतच. माझ्या नातवानं शोधून काढलं, की तो कांद्यांचा लिलाव आहे. म्हणजे सौदा झाला! आता एवढंच सांगा, तो कांदा कोणाला मिळाला?"

हर्षदा हसली. "बघा," ती म्हणाली, "हिलाही तेच पडलंय. एकोणीस, नाही, वीस वर्षं मी विचारतेय." तिनं पत्राची घडी घातली.

"लहानू."

तिला वाटलं, खाली रस्त्यावर कोणीतरी हाक मारली.

"लहानू आव्हाडनं घेतला," भास्कर म्हणाला. आवाज गंजलेला होता, जणू लांबून, पाण्यापलीकडून येत होता. तो समोर बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर ट्रॉलीवर उभं असतानाची जुनी, त्रासिक आठी होती. त्यानं चहाचा घोट घेतला, मान हलवली.

"माल ओला होता. भाव जास्तच लागला."